दोन ओळींच्या बातमीतून काय गळतं?

मोत्झार्टचं संगीत ऐकवलं की मुलं हुशार होतात, हे वाक्य कधी ना कधी तुमच्या कानावर आलं असेल. ज्या प्रयोगातून ते निघालं, त्यात मूल एकही नव्हतं. 1993 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत 36 कॉलेज विद्यार्थ्यांवर तो प्रयोग झाला. एकदा 10 मिनिटं मोत्झार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना, एकदा मन शांत करणाऱ्या सूचनांची टेप, एकदा नुसती शांतता. प्रत्येक वेळी त्यानंतर लगेच कोडी सोडवायची. कोडी अशी की कागदाची घडी घातली, तिचा एक तुकडा कापला, तर उलगडल्यावर कागद कसा दिसेल? मोत्झार्टनंतर गुण चढले. बुद्ध्यांकाच्या मापात सांगायचं तर 8 ते 9 अंकांनी. आणि 10-15 मिनिटांत तो फरक ओसरला. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला हा मजकूर जेमतेम एका पानाचा होता आणि परिणाम तात्पुरता आहे हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

1998 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची भेट देण्यासाठी अर्थसंकल्पात 1,05,000 डॉलर मागितले.

पाच वर्षांत कॉलेजातल्या विद्यार्थ्यांची बाळं झाली, 10 मिनिटांचा परिणाम आयुष्यभराचा झाला आणि कागदाच्या घडीचं कोडं म्हणजे अख्खी हुशारी झाली. यासाठी कुणाला जाणूनबुजून खोटं लिहावं लागलं नाही. बातमी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना एकेक शब्द गळत गेला, एवढंच. रोज सकाळी फोनवर विज्ञान, कला, सिनेमा यांतल्या आठ-दहा रंजक बातम्यांचा जो गुच्छ येतो, त्यातली जवळपास प्रत्येक बातमी असाच प्रवास करून आलेली असते. मला हा गुच्छ मनापासून आवडतो. दूरच्या ग्रहापासून गुहेतल्या चित्रापर्यंत दहा मिनिटांत फिरवून आणणारं दुसरं काय आहे? म्हणूनच तो कसा बनतो आणि बनताना त्यातून काय निसटतं, हे नीट सांगावंसं वाटतं. कारण निसटलेल्या भागातच बहुतेक वेळा बातमीची खरी गंमत असते.

मोत्झार्टचंच घ्या. 1999 साली कॅनडात संशोधकांनी मोत्झार्टच्या जोडीला स्टीफन किंग यांची एक कथा वाचून ऐकवली. ज्यांना संगीत जास्त आवडलं त्यांची कोडी संगीतानंतर चांगली सुटली, आणि ज्यांना कथा जास्त आवडली त्यांची कथेनंतर. म्हणजे आवडीचं काहीतरी ऐकलं की माणूस थोडा वेळ तरतरीत होतो. पुढे 2010 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास 40 अभ्यास, 3,000 हून अधिक माणसं, असा सगळा साठा एकत्र करून पाहिला. मोत्झार्टच्या संगीतात बुद्धी वाढवणारी काही खास जादू असल्याचा पुरावा त्यात निघाला नाही. आपल्या मनःस्थितीचा आपल्या विचारशक्तीवर इतका पटकन परिणाम होतो, ही बातमी मला तरी 'सीडी लावा, बाळ हुशार करा' यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. ती मात्र फारशी कुठे झळकली नाही.

आता हा प्रवास नेमका कसा होतो ते पाहू.

संशोधक आपलं काम शोधनिबंधाच्या रूपात नियतकालिकाकडे पाठवतात. संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला देतात. हे तपासनीस प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पद्धत बरोबर आहे का, आकडेमोड पटते का, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतोय का, एवढंच ते कागदावरून बघतात. 'तज्ज्ञांनी तपासलेला निबंध' याचा अर्थ 'सिद्ध झालेली गोष्ट' असा होत नाही, 'चर्चेला घेण्याजोगी गोष्ट' असा होतो. हल्ली कितीतरी निबंध या तपासणीआधीच खुले होतात. त्यांना प्रीप्रिंट म्हणतात. भौतिकशास्त्रात ही पद्धत 1991 मध्ये 'आर्काइव्ह' या संग्रहाने रुळवली, जीवशास्त्र आणि वैद्यकशास्त्र त्यामानाने उशिरा आले. प्रीप्रिंटमुळे विज्ञान वेगाने पुढे जातं हे खरं, पण बातमीत 'प्रीप्रिंट' हा शब्द गाळला की वाचकाला कच्चं-पक्कं ओळखायला काहीच उरत नाही.

निबंध स्वीकारला गेला की नियतकालिक पत्रकारांना तो काही दिवस आधी पाठवतं, एका अटीवर: अमुक वेळेआधी छापायचं नाही. ही अट म्हणजे एम्बार्गो. 'नेचर'ची वेळ असते बुधवारी लंडनचे दुपारचे 4. 'सायन्स'ची गुरुवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे दुपारचे 2. एकच बातमी जगभर एकाच तासाला कशी काय उगवते, याचं उत्तर बहुतेक वेळा या घड्याळात असतं. पत्रकाराला वाचायला, इतर शास्त्रज्ञांना फोन करायला वेळ मिळावा हा त्यामागचा चांगला हेतू. पण सगळ्यांना एकाच क्षणी छापायचं असल्यामुळे मागे राहण्याची धास्तीही सगळ्यांना एकदमच लागते.

आणि घाईत हाताशी असतं ते प्रसिद्धिपत्रक. संशोधन जिथे झालं त्या विद्यापीठाने किंवा संस्थेने लिहिलेलं. बातमीतली अतिशयोक्ती पत्रकारांनी घुसडलेली असते, असा आपला सर्वसाधारण समज. 2014 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने त्या समजाला चांगलाच धक्का दिला. ब्रिटनमधल्या 20 आघाडीच्या विद्यापीठांची 2011 सालातली 462 प्रसिद्धिपत्रकं मूळ निबंधांशी ताडून पाहिली गेली. 40 टक्के पत्रकांमध्ये वाचकांना दिलेला सल्ला निबंधातल्या सल्ल्यापेक्षा वाढवून सांगितलेला होता. प्राण्यांवरच्या संशोधनाचा संबंध माणसाशी जास्तच घट्ट जोडलेला होता 36 टक्क्यांमध्ये. पत्रकात सल्ला फुगवलेला असेल तर 58 टक्के बातम्यांतही तो फुगलेला होता. पत्रक संयमी असेल तर हेच प्रमाण 17 टक्क्यांवर आलं. म्हणजे शब्द गळायला सुरुवात होते ती संशोधकाच्या अंगणातच. आणि त्याच अभ्यासात असंही दिसलं की फुगवून लिहिल्यामुळे बातमी जास्त ठिकाणी छापून येते असा ठोस पुरावा नाही. फायदा नसताना केलेलं हे नुकसान आहे, म्हणून ते जास्त खुपतं.

सर्वांत सहज गळणारा शब्द म्हणजे 'उंदरांमध्ये'. त्यावर फार बोलायला नको. उंदरांवर गुण आलेली कितीतरी औषधं माणसांवर चालत नाहीत, त्यामुळे मथळ्यात प्राण्याचं नाव नसेल तर बातमीत शोधायचं आणि तिथेही नसेल तर थांबायचं.

माणसांवरचा अभ्यास असला तरी किती माणसं आणि त्यांच्यात काय काय मोजलं हे बघावं लागतं. 2015 मध्ये 'चॉकलेटने वजन लवकर उतरतं' अशी बातमी बऱ्याच देशांत झळकली. ती मुद्दाम रचलेली होती. जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने जर्मन माहितीपटकारांच्या साथीने खरोखरच प्रयोग केला होता, पण तो मुद्दाम कच्चा ठेवला होता. शेवटी हिशेबात धरलेली माणसं 15, आणि प्रत्येकाच्या मोजलेल्या गोष्टी 18: वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. प्रत्येक मोजमापात केवळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के धरली, तर 18 पैकी निदान एकात तो दिसण्याची शक्यता 60 टक्क्यांच्या आसपास जाते. वजन निघालं म्हणून वजनाची बातमी झाली. झोप निघाली असती तर झोपेची झाली असती. खोटा आकडा एकही नव्हता, फक्त 'इतर 17 गोष्टीही मोजल्या होत्या' हे बातम्यांतून गायब होतं.

आता जरा सावकाश समजून घ्यायची गोष्ट, कारण आरोग्याच्या बातम्यांत तिच्यावरून सर्वांत जास्त लोक घाबरतात. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं की सॉसेज, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवतं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. हे वाचून बहुतेकांच्या मनात असं चित्र उमटतं की 100 माणसांपैकी 18 जणांना कर्करोग होणार. तसं नाही. 18 टक्के वाढ ही आधीच्या धोक्याच्या तुलनेत आहे. समजा, आयुष्यभरात 100 पैकी 5 जणांना हा आजार होतो. पाचाचे 18 टक्के म्हणजे 0.9. तेव्हा रोज असं मांस खाणाऱ्या 100 जणांत 5 ऐवजी साधारण 6 जणांना तो होईल. एक माणूस जास्त. हा फरक किरकोळ नाही, कोट्यवधी लोकसंख्येत तो प्रचंड होतो, पण स्वतःच्या ताटाबद्दल निर्णय घ्यायला '18 टक्के' हा आकडा एकटा कुचकामी आहे. 'कितीचे' हे कळल्याशिवाय टक्क्याला अर्थ नाही.

त्याच बातमीत आणखी एक घोळ झाला. संस्थेने हे मांस तंबाखूच्याच गटात, पहिल्या गटात टाकलं. लगेच 'सॉसेज सिगारेटइतकंच घातक' असे मथळे आले. हे गट घातकपणा मोजत नाहीत, पुराव्याची खात्री मोजतात. दोन्हींमुळे कर्करोग होतो याबद्दल शंका उरलेली नाही, एवढाच त्या शेजाराचा अर्थ. घातकपणाचे आकडे संस्थेने स्वतःच शेजारी दिले होते: तंबाखूमुळे होणारे कर्करोगाचे मृत्यू जगभरात वर्षाला सुमारे 10 लाख, तर प्रक्रिया केलेलं मांस भरपूर असलेल्या आहारामुळे होणारे सुमारे 34,000.

खात्रीचा हाच प्रश्न खगोलशास्त्राच्या बातम्यांत 'सिग्मा' नावाने येतो, किंवा यायला हवा पण येत नाही. एप्रिल 2025 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने 124 प्रकाशवर्षांवरच्या के2-18बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या एका वायूच्या खुणा दिसत असल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. बातमी झाली: परग्रहावर जीवसृष्टी? खात्री होती 3 सिग्मा. याचा अर्थ असा की तिथे हा वायू मुळीच नसता, तरी निव्वळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता 0.3 टक्के. ऐकायला हे भक्कम वाटतं. पण शोध लागला असं म्हणायला 5 सिग्माची प्रथा आहे, जी 2012 मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या शोधाच्या वेळी पाळली गेली. तिथे योगायोगाची शक्यता साधारण 35 लाखांत एक इतकी कमी असते. केंब्रिजच्या गटाने आपला संकेत अजून तिथे पोचलेला नाही हे स्वतःच सांगितलं होतं. पुढे इतरांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीने तपासली तेव्हा पुरावा आणखी पातळ दिसला.

आणि समजा, उद्या 5 सिग्मा गाठले, तर वायू आहे इतकंच पक्कं होईल. तो सजीवांनी तयार केला का, हा वेगळा प्रश्न आहे. 67पी या धूमकेतूवरही हाच वायू सापडला आहे आणि तिथे जीवसृष्टी असण्याचा प्रश्नच नाही. मथळ्याने या दोन पायऱ्या एका उडीत ओलांडल्या होत्या.

सिग्मा कितीही असले तरी ते फक्त योगायोगापासून वाचवतात, ढिल्या केबलपासून नाही. सप्टेंबर 2011 मध्ये 'ऑपेरा' प्रयोगातल्या शास्त्रज्ञांना जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातून 730 किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत पाठवलेले न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचलेले दिसले. खात्री 6 सिग्मा! 'आइन्स्टाइन चुकला' असे मथळे जगभर गेले. प्रयोग करणाऱ्यांचा सूर मात्र वेगळा होता. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असं ते इतरांना सांगत होते. काही महिन्यांनी जीपीएसकडून वेळेचा संकेत आणणारी एक ऑप्टिकल फायबर केबल कॉम्प्युटरच्या कार्डात नीट घट्ट बसलेली नव्हती, हे त्यांनाच सापडलं. कनेक्टर ढिला, म्हणून प्रकाश कमी पोचतो, म्हणून संकेत उमटायला उशीर, म्हणून सगळं घड्याळ कितीतरी नॅनोसेकंदांनी चुकतं. दुसऱ्या एका घड्याळातही दोष निघाला. 2012 च्या जूनपर्यंत न्यूट्रिनो प्रकाशाच्या मर्यादेत परत आले होते. हजारो मोजमापं, शेकडो माणसं, आणि शेवटी एक ढिला कनेक्टर. मला ही गोष्ट 'आइन्स्टाइन चुकला'पेक्षा शंभरपट आवडते.

संस्कृतीच्या बातम्यांत एक शब्द न चुकता गळतो: 'किमान'. 2024 मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या लिआंग कारांपुआंग गुहेतलं चित्र 51,200 वर्षांपूर्वीचं असल्याचं जाहीर झालं. एक रानडुक्कर आणि त्याच्याभोवती माणसासारख्या तीन आकृत्या. त्या वेळी ज्ञात असलेलं ते सर्वांत जुनं चित्ररूप कथन ठरलं. पण मोजलं काय होतं? रंग नव्हे. चुनखडीच्या गुहेत पाणी झिरपत राहतं आणि चित्रावर कॅल्साइट या खनिजाचा पातळ थर साचत जातो. त्यात थोडं युरेनियम असतं आणि ते ठरावीक गतीने थोरियममध्ये बदलतं. त्या दोघांचं प्रमाण मोजलं की थर कधी साचला ते कळतं. थर चित्रावर आहे, म्हणजे चित्र त्याच्या आधीचं. किती आधीचं? थर सांगू शकत नाही. म्हणून '51,200 वर्षं जुनं' आणि 'किमान 51,200 वर्षं जुनं' यांत एका पद्धतीची सगळी मर्यादा आणि सगळा प्रामाणिकपणा सामावलेला आहे. 'सर्वांत जुनं' हेही नेहमी 'आतापर्यंत सापडलेल्यांत' असतं. त्याआधी तीनच वर्षं, 2021 मध्ये, त्याच बेटावरचं 45,500 वर्षांचं एक रानडुक्कर हा मान मिरवत होतं.

मनोरंजनाच्या आकड्यांकडे आपण एवढ्या बारकाईने बघतच नाही, कारण तिथे धोका नसतो असं वाटतं. पण तिथे तर मोजपट्टीच बदलत असते. 'इतक्या कोटी लोकांनी ही मालिका पाहिली' या वाक्यात 'पाहिली' म्हणजे काय? नेटफ्लिक्स 2019 मध्ये एखाद्या भागाचा किंवा चित्रपटाचा 70 टक्के भाग झाला की प्रेक्षक मोजायचं. मग नियम आला की 2 मिनिटं पाहिलं तरी पुरे. नव्या पद्धतीने आकडे सरासरी 35 टक्के चढतात हे कंपनीने भागधारकांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच नोंदवलं. नंतर पाहिलेले एकूण तास जाहीर होऊ लागले आणि जून 2023 पासून त्या तासांना मालिकेच्या लांबीने भागून 'व्ह्यूज' काढले जातात. यातलं सर्वांत बरं शेवटचं, कारण आठ तासांची मालिका आणि दीड तासाचा चित्रपट त्यात एका पातळीवर येतात. तरी एका माणसाने दोनदा पाहिलं की दोन माणसांनी एकदा, हे त्यातूनही कळत नाही. तिकीटबारीचं तसंच. सर्वाधिक कमाईच्या यादीत 2009 चा 'अवतार' वर आहे, पण महागाईचा हिशेब धरला की 1939 चा 'गॉन विथ द विंड' पुढे जातो. दोन्ही याद्या खऱ्याच आहेत.

एक गोष्ट मात्र अशी आहे जी कितीही लक्ष देऊन वाचलं तरी त्या दिवशीच्या बातमीत मिळूच शकत नाही: पुढे काय झालं. नोव्हेंबर 2010 च्या अखेरीस नासाने पत्रकार परिषदेचं निमंत्रण दिलं, विषय परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करणारा निष्कर्ष. दोन दिवस जगभर तर्कवितर्क चालले. 2 डिसेंबरला कळलं की गोष्ट कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातल्या एका जिवाणूची आहे, जो म्हणे फॉस्फरसच्या जागी विषारी आर्सेनिक वापरून वाढतो, अगदी आपल्या डीएनएमध्येसुद्धा. टीका लगेच सुरू झाली. 2012 मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवलं की हा जिवाणू आर्सेनिक सहन करतो खरा, पण फॉस्फरसशिवाय त्याचं भागत नाही. जुलै 2025 मध्ये 'सायन्स'ने तो निबंध मागे घेतला. गैरप्रकाराचा आरोप नव्हता, प्रयोगातून तो निष्कर्ष निघत नाही असं संपादकांचं म्हणणं होतं. निबंधाच्या लेखकांना हे मान्य झालं नाही आणि त्यांनी तसं लेखी कळवलं.

पहिल्या बातमीपासून या शेवटापर्यंत जवळपास 15 वर्षं गेली. रोजच्या गुच्छात कालचीच बातमी शिळी ठरते, तिथे 15 वर्षांपूर्वीच्या बातमीला जागा कुठून मिळणार? पण मिळायला हवी असं मला फार वाटतं. आठ ताज्या बातम्यांच्या जोडीला रोज एक जुनी, 'आम्ही अमुक दिलं होतं, त्याचं आता असं झालं' अशी. तोवर हे काम वाचकालाच करावं लागतं आणि ते अवघड नाही. भावलेली एखादी बातमी जपून ठेवायची आणि वर्षभराने त्या ग्रहाचं, औषधाचं किंवा जिवाणूचं नाव पुन्हा शोधून बघायचं. के2-18बी साठी वेब या अवकाश दुर्बिणीची आणखी निरीक्षणं लागणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं, त्यामुळे सुरुवात तिथून करायला हरकत नाही.